वस्ताद गेल्यावर तालीम

सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात आणि तो जिथे शिकवतो त्या जागेला तालीम. दोन्ही शब्द आपल्या घरातले. उस्ताद फारसीतून आला, तालीम अरबीतून. आपण मुलांच्या शिक्षणाला तालीम म्हणतो, गावाने लाल मातीच्या आखाड्यालाही तेच नाव दिले. शब्द इथल्या मातीत इतके मुरले की ते कुठून आले, हे आता कोणी विचारत नाही. पण गावाने माणसाला एक नाव दिले आणि जागेला दुसरे, यात एक शहाणपण आहे. वस्ताद थकतो, बदलतो, एक दिवस जातो. तालीम राहावी लागते.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि फोनवर एक प्रश्न हमखास असतो. "मुलाला क्रिकेटला घालायचे आहे, चांगले सर सांगा." क्रिकेटमध्ये वस्तादाला सर म्हणतात, एवढाच फरक. विचारणारे बहुतेक अब्बा असतात, कधी अम्मी, कधी मामू. सगळ्यांच्या मनात समजूत एकच असते: एकदा चांगल्या माणसाच्या हाती पोरगे सोपवले की आपले काम झाले. मग फी भरली जाते, पॅड-ग्लोव्हज घेतले जातात, घरच्या महिन्याच्या किराण्याएवढी किंमत मोजून बॅट आणली जाते. दोन वर्षांनी सर दुसऱ्या गावाला जातात, नाहीतर शिबिर बंद पडते आणि बॅट माळ्यावर जाते.

म्हणून या वेळी या प्रश्नाला जरा लांबून उत्तर द्यावे, असे आम्ही ठरवले. एक चांगला प्रशिक्षक किती करू शकतो आणि त्याच्या हाताबाहेरचे काय असते, हे पाहायचे तर छोट्या देशांच्या संघांकडे पाहावे. तिथे सगळे उघडे दिसते. माणसे थोडी, पैसा थोडा, त्यामुळे वस्तादाचे काम कुठे संपते आणि तालमीचे कुठे सुरू होते, ते स्पष्ट कळते.

सुरुवात एका बेटापासून करू. श्रीलंका आकाराने महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडी मोठी. १९८१ मध्ये तिला कसोटीचा दर्जा मिळाला आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये कोलंबोला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी झाली. १९८७ च्या विश्वचषकात हा संघ सहाच्या सहा सामने हरला. श्रीलंकेचे फलंदाज दिसायला सुरेख खेळतात आणि शेवटी हरतात, असेच लोक म्हणत. १९९५ मध्ये डेव्ह व्हॉटमोर प्रशिक्षक म्हणून आले. जन्म कोलंबोचा, क्रिकेट मात्र ऑस्ट्रेलियाकडून सात कसोटी खेळलेले. म्हणजे घरचेही आणि बाहेरचेही.

ते आले तेव्हाचे दिवस काही सोपे नव्हते. १९९५ च्या डिसेंबरात मेलबर्नच्या कसोटीत मुथय्या मुरलीधरनचे चेंडू पंचांनी भर मैदानात नोबॉल ठरवले. जानेवारी १९९६ च्या शेवटच्या दिवशी कोलंबोत भीषण बॉम्बस्फोट झाला. पंधरवड्यावर विश्वचषक आलेला. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांनी श्रीलंकेत खेळायला नकार दिला. तेव्हा १३ फेब्रुवारीला भारत आणि पाकिस्तान यांचे खेळाडू एकच संघ करून कोलंबोला गेले. कप्तान मोहम्मद अझरुद्दीन. वसीम अक्रमच्या चेंडूवर सचिन तेंडुलकरने झेल घेतला, असे धावफलकावर एकदाच लिहिले गेले, ते त्या दिवशी. शेजाऱ्याच्या घरी दुःख आहे म्हटल्यावर आपली भांडणे दाराबाहेर ठेवून जावे, हे आपल्याकडे मोहल्ल्यातली म्हातारी माणसेही सांगतात. त्या दिवशी दोन देशांनी ते केले.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. सनथ जयसूर्या आणि रोमेश कालुवितरणा या जोडीला सलामीला पाठवून पहिल्या पंधरा षटकांतच हाणामारी करायची, ही चाल व्हॉटमोर आणि कप्तान अर्जुना रणतुंगा यांनी पक्की केली. २ मार्चला दिल्लीत सचिनने १३७ धावा केल्या, भारताने २७१ उभारल्या, तरी श्रीलंकेने सामना सहज नेला. मनोज प्रभाकरच्या चार षटकांत ४७ धावा निघाल्या. १७ मार्चला लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने २४१ केल्या. २४२ चे लक्ष्य श्रीलंकेने सात गडी राखून गाठले. अरविंद डिसिल्वाचे नाबाद शतक, तीन बळी आणि दोन झेल. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

या यशाचे श्रेय व्हॉटमोर यांना मिळाले आणि ते योग्यही होते. शरीराची तयारी, क्षेत्ररक्षण, प्रत्येकाला त्याचे नेमके काम ठरवून देणे, ही शिस्त त्यांची. पण त्यांच्या हाती आलेली माणसे कुठे घडली होती? शाळांत. श्रीलंकेत शालेय क्रिकेटची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. मोठ्या शाळांच्या सामन्याला अख्खे शहर लोटते. रणतुंगा आनंदा कॉलेजचा. पहिली कसोटी खेळला तेव्हा अठरा वर्षांचा शाळकरी मुलगाच होता. जयसूर्या दक्षिणेकडच्या मातारा या गावाचा, मुरलीधरन डोंगराळ कँडीचा. कोलंबोबाहेरही तालमी होत्या. वस्ताद नवा होता, तालीम जुनी होती. म्हणून वर्षभरात फळ आले.

आता त्याच विश्वचषकातला एक सामना आठवा, आपल्या अगदी जवळचा. २९ फेब्रुवारी १९९६, पुण्याचे नेहरू स्टेडियम. साताऱ्याहून एसटीने गेले आणि स्वारगेटला उतरले की चालत जाता येते, ते मैदान. केनियाचा संघ पहिल्यांदाच विश्वचषकात उतरला होता. त्याने १६६ धावा केल्या. समोर वेस्ट इंडीज, त्यांत ब्रायन लारा. रजब अलीच्या चेंडूवर लाराच्या बॅटची कड लागली आणि चष्मा लावणारा गुबगुबीत यष्टिरक्षक तारिक इक्बाल याने झेल पकडला. वेस्ट इंडीजचा डाव ९३ वर आटोपला. केनिया ७३ धावांनी जिंकली. पुण्याच्या प्रेक्षकांनी त्या परक्या पोरांसाठी टाळ्यांचा कडकडाट केला.

या केनियाला पुढच्या पायरीवर नेले ते आपल्या मुंबईच्या माणसाने. संदीप पाटील यांची ओळख मराठी घरांत नव्याने करून द्यायला नको. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले, अ‍ॅडलेडला १७४ धावा काढणारे, मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारणारे आणि 'एकच षटकार' या मराठी क्रीडा नियतकालिकाचे संपादक. २००३ च्या विश्वचषकात ते केनियाचे प्रशिक्षक होते.

त्या स्पर्धेत केनियाने कॅनडाला हरवले. सुरक्षेच्या काळजीने न्यूझीलंड नैरोबीला आले नाही, ते गुण केनियाला मिळाले. यावरून पुढे लोक म्हणू लागले की केनिया नशिबाने पुढे गेली. पण २४ फेब्रुवारीला नैरोबीत श्रीलंका आली होती, म्हणजे सात वर्षांपूर्वीचे विश्वविजेते. केनियाने २१० धावा केल्या आणि श्रीलंकेला १५७ मध्ये गुंडाळले. कॉलिन्स ओबुया या तरुण लेगस्पिनरने २४ धावांत पाच बळी घेतले. हा मुलगा पाकिस्तानच्या मुश्ताक अहमदची गोलंदाजी पाहून लेगस्पिनकडे वळला होता. मग बांगलादेश हरले, पुढच्या फेरीत झिम्बाब्वे हरले. डर्बनला ऑस्ट्रेलियासमोर आसिफ करीम यांनी ८.२ षटकांत सात धावा देऊन तीन बळी घेतले, त्यात सहा षटके निर्धाव. मोंबासाचे करीम तेव्हा ३९ वर्षांचे. खरे तर ते १९९९ नंतर थांबले होते, त्यांना परत बोलावले होते. सामना ऑस्ट्रेलियाच जिंकली, पण सामनावीर करीम ठरले.

२० मार्च २००३ ला डर्बनलाच उपांत्य सामना झाला. कसोटी न खेळणारा देश तिथवर पहिल्यांदाच पोहोचला होता. समोर भारत. सौरव गांगुलीचे शतक, सचिनच्या ८३ धावा. केनिया ९१ धावांनी हरली. एका मराठी प्रशिक्षकाचा संघ भारताशी विश्वचषकाची उपांत्य लढत खेळला, हे आपल्या लोकांना फारसे आठवत नाही. आठवावे असे ते आहे.

मग काय झाले? इथे गोष्ट कडू होते. पाटील परतले. खेळाडू आणि मंडळ यांच्यात मानधनावरून भांडणे लागली. पैशांच्या हिशेबावरून मंडळावर आरोप झाले, पुरस्कर्ते दुरावले आणि २००५ मध्ये जुनी संघटना मोडून नवी उभारावी लागली. पुण्यातल्या विजयाचा कप्तान मॉरिस ओदुंबे याच्यावर सट्टेबाजांशी संबंध ठेवल्याबद्दल २००४ मध्ये पाच वर्षांची बंदी आली. मोठ्या देशांनी केनियाशी सामनेही फारसे खेळले नाहीत. ओबुयाला इंग्लंडमध्ये वॉर्विकशायरने घेतले, पण आजारपणाने आणि दुखापतीने त्याची फिरकी हरवली. पुढे तो मुख्यतः फलंदाज म्हणून खेळला. २०११ च्या विश्वचषकात केनिया सगळे सामने हरली. २०१४ मध्ये एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला. उपांत्य फेरीपासून तिथवर अकरा वर्षे.

केनियाकडे गुण नव्हते असे कोण म्हणेल? पण त्या संघाची नावे पाहा. टिकोलो बंधू, ओदुंबे बंधू, सुजी बंधू, ओबुया बंधू. दोन-चार घरे आणि नैरोबी-मोंबासाचे मोजके क्लब यांच्यावर अख्खा देश उभा होता. या घरांची पिढी थकली तेव्हा मागे रांग नव्हती. वस्ताद चांगला मिळाला, पोरेही चांगली मिळाली. तालीम मात्र बांधायची राहिली, आणि तालमीचे पैसे ज्यांच्याकडे अमानत म्हणून होते त्यांनी अमानत सांभाळली नाही. संदीप पाटील एक विश्वचषक उभा करू शकले. देशाची शाळा, मैदान आणि तिजोरी त्यांच्या हातात नव्हती.

तिसरा देश बेट नाही, पण क्रिकेटच्या नकाशावर बराच काळ बेटासारखाच एकटा होता. अफगाणिस्तानचे क्रिकेट पेशावरच्या आसपासच्या निर्वासितांच्या छावण्यांत जन्मले. घर सुटलेली पोरे तिथल्या धुळीत टेपबॉल खेळायला शिकली. ताज मलिक यांनी या पोरांचा संघ बांधला. २००८ च्या मे महिन्यात हा संघ इंग्लंड-फ्रान्समधल्या जर्सी नावाच्या छोट्या बेटावर जागतिक क्रिकेटच्या पाचव्या श्रेणीची स्पर्धा खेळायला गेला आणि अंतिम सामन्यात यजमान जर्सीलाच हरवून जिंकला. तिथून पुढे कबीर खान, मग इंझमाम-उल-हक, असे प्रशिक्षक येत गेले.

२०१६ मध्ये मुंबईचे लालचंद राजपूत आले. स्वतः ते भारताकडून दोनच कसोटी खेळले, दोन्ही १९८५ मध्ये श्रीलंकेत. पण २००७ मध्ये ट्वेंटी-२० चा पहिला विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघाचे व्यवस्थापक तेच होते. अफगाणिस्तानला स्वतःच्या देशात खेळता येत नव्हते, 'घरचे' सामने ग्रेटर नोएडाला होत. ९ जून २०१७ ला सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर रशीद खानने १८ धावांत सात बळी घेऊन वेस्ट इंडीजला हरवले. त्यानंतर दोन आठवड्यांत, २२ जूनला, अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला. काही आठवड्यांतच राजपूत यांचा करार संपला आणि तो वाढवला गेला नाही. वर्षभराने बंगळुरूला पहिली कसोटी झाली, तेव्हा त्या संघासोबत ते नव्हते. पुढे ते झिम्बाब्वेचे प्रशिक्षक झाले, मग संयुक्त अरब अमिरातीचे, आणि मे २०२५ मध्ये त्यांच्या अमिराती संघाने बांगलादेशाला ट्वेंटी-२० मालिकेत २-१ ने हरवले. आंबा लावायचा आणि पाड लागायच्या आत दुसऱ्या रानात जायचे, असे हे काम आहे. त्याची कुरकुर करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

राजपूत गेले तरी अफगाणिस्तान केनियासारखे कोसळले नाही. ३० ऑक्टोबर २०२३, पुन्हा पुणे, या वेळी गहुंजेचे मैदान. श्रीलंकेचा डाव २४१ वर आटोपला. अफगाणिस्तानने २४२ चे लक्ष्य सात गडी राखून गाठले. लाहोरला श्रीलंकेने जसे विश्वचषक जिंकले होते, नेमक्या त्याच लक्ष्यावर, तेवढेच गडी राखून, सत्तावीस वर्षांनी तिचाच पराभव झाला. त्यानंतर पंधरवड्याच्या आत, सरकारी हस्तक्षेपामुळे, श्रीलंकेच्या क्रिकेट मंडळाला आंतरराष्ट्रीय परिषदेने निलंबितही केले. जुनी तालीमही सांभाळली नाही तर भिंत खचते. २०२४ मध्ये अफगाणिस्तान ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचले.

मग अफगाणिस्तानचा फरक कशात? एकामागून एक पोरे येत राहिली. मोहम्मद नबीच्या मागे रशीद, रशीदच्या मागे आणखी कोणी. गल्लीगल्लीत खेळ पोहोचला, म्हणून प्रशिक्षक बदलले तरी झरा आटला नाही.

पण इथे आम्ही थांबलो तर अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल. २०२० मध्ये त्याच देशाच्या मंडळाने २५ मुलींना क्रिकेटचे करार दिले होते. पुढच्या वर्षी सत्ता बदलली आणि त्यांचा खेळ बंद झाला. बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियात गेल्या. ३० जानेवारी २०२५ ला मेलबर्नमध्ये त्या पहिल्यांदा एकत्र येऊन एक सामना खेळल्या. ज्या घरातली पोरे स्वतः निर्वासित छावणीत खेळ शिकली, त्याच घरातल्या मुलींना बॅटसाठी परमुलूख गाठावा लागला. भावाचे यश पाहून आपल्याला आनंद होतो. त्याच्या बहिणीचे नाव निघाले की आपण विषय बदलतो का, हे ज्याने त्याने आपल्या घरात बसून स्वतःला विचारावे.

आता आपल्या भागाकडे येऊ. भारताने पहिली कसोटी जिंकली ती फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला इंग्लंडविरुद्ध. कप्तान विजय हजारे. त्यांचा जन्म सांगलीचा, १९१५ चा, ख्रिस्ती कुटुंबातला, वडील शिक्षक. त्यांच्या नावाने आजही देशाची एकदिवसीय स्पर्धा होते. तरुणपणी त्यांना ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन मिळाले. हजारे बॅट धरताना दोन्ही हातांत अंतर ठेवत आणि बॅट पॅडच्या मध्ये अडकवून उभे राहत. पुस्तकात कुठेच न बसणारी ही उभे राहण्याची पद्धत ग्रिमेट यांनी मोडली नाही, असे सांगतात. मुलाजवळ जे आहे ते आधी पाहायचे आणि मग हात लावायचा, ही शहाण्या वस्तादाची खूण.

सांगलीजवळच्या माधवनगरला स्मृती मानधना वाढली. भाऊ खेळायचा, त्याला पाहून ती खेळू लागली. वडील स्वतः जिल्हा पातळीवर खेळलेले. नऊ वर्षांची असताना ती राज्याच्या पंधरा वर्षांखालील संघात होती. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती उपकप्तान होती. प्रशिक्षक अमोल मुजुमदार. रणजी पदार्पणात २६० धावा काढूनही ज्यांना भारताची टोपी कधीच मिळाली नाही, ते मुंबईकर. साखळीत लागोपाठ तीन सामने हरल्यावर हा संघ सावरला. आपल्याला जे मिळाले नाही ते दुसऱ्याच्या पदरात घालण्यासाठी झटणे सोपे नसते. दिलात हसद असेल त्याच्याकडून हे काम होत नाही.

साताऱ्याचेही उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला आदिती स्वामी सतरा वर्षांची असताना तिरंदाजीची जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला. दोघांचे गुरू एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. नागपूरचा मुलगा शिकायला साताऱ्यात आला. म्हणजे मोठ्या शहरातच तालीम असते, हा समज सोडायला हरकत नाही.

आणि तालीम कशी टिकते ते पाहायचे तर पुन्हा लाल मातीकडेच जावे लागते. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडले, १९६० मध्ये हिंदकेसरी झाले आणि पुढे त्याच मोतीबागेत वस्ताद म्हणून त्यांनी पिढ्या घडवल्या. शिष्याने वस्ताद होणे, ही तालमीची खरी कमाई. आपल्याकडे एक म्हण आहे, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. शिष्य उलटला तर कामी यावा म्हणून. आम्हाला वाटते, संघ बांधणाऱ्याने नेमके उलट करावे. शेवटचा डावही देऊन टाकावा, म्हणजे त्याच्या माघारी काम अडत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मुलाला कोणाकडे घालायचे? नाव आम्ही सांगणार नाही. पण जिथे घालाल तिथे आठ दिवस संध्याकाळी जाऊन कडेला बसा आणि काही गोष्टी पाहा.

सर एक दिवस आले नाहीत तर सराव होतो का? मोठी पोरे लहानांना जाळ्यात चेंडू टाकतात का, की सगळे घरी जातात? जिथे सतरा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या पोराची बॅट सरळ करताना दिसेल, तिथे तालीम आहे असे समजा.

पैशाचा हिशेब फळ्यावर किंवा कागदावर कुठे दिसतो का? फी किती, चेंडू कितीचे, खेळपट्टी लोळवायला किती गेले. विचारल्यावर राग येत असेल तर केनियाची गोष्ट आठवा.

जन्मदाखल्याबद्दल सर काय म्हणतात? वयोगटाच्या निवडीत दोन वर्षे लपवून मुलाला घुसवण्याचा सल्ला देणारा माणूस आजही कुठे ना कुठे भेटतो. हाडांची तपासणी होते, खोटे उघडे पडते आणि बंदी येते. पण तपासणी नसती तरी काय? खेळायला पाठवलेल्या पोराला आपण पहिला धडा खोट्या कागदाचा देणार का?

हरल्यावर सर काय बोलतात? ओरडणे वेगळे, अपमान वेगळा. मगरिबची अजान झाल्यावर एखाद्या पोराला जायचे असेल तर त्याला अडवतात का, दहावीच्या वर्षी सरावाचा वेळ कमी करून देतात का, हेही पाहा. पोराची शाळा सुटली तर सर जबाबदार नसतात, आपण असतो. क्रिकेटमधून पोट भरणारे हजारांत एखाद-दोन. बाकीच्यांना या मैदानातून शिस्त, निरोगी शरीर आणि चार चांगले मित्र मिळाले तरी फी वसूल झाली.

आणि मुलींसाठी वेळ आहे का? नसेल तर चार घरांनी मिळून मागावा. सकाळचा एक तास, एखादी बाई किंवा मोठी मुलगी देखरेखीला, कपडे ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे. सांगलीत भावाचा खेळ पाहून एक मुलगी जगापर्यंत गेली. आपल्या मोहल्ल्यातही भावाच्या मागे कठड्याजवळ उभी राहून पाहणारी एक असणारच.

शेवटी एक विनंती, सरांसाठी नव्हे, आपल्यासाठी. बहुतेक गावांत आपली पोरे ज्या मैदानावर खेळतात ते एखाद्या भाईच्या, एखाद्या निवृत्त मास्तरांच्या जिवावर चाललेले असते. रोलर तेच ओढवतात, चेंडू तेच आणतात, नगरपालिकेत अर्ज घेऊन तेच जातात. त्यांची तारीफ सगळे करतात, मदत कोणी करत नाही. या महिन्यात एखाद्या जुम्म्यानंतर चार माणसांनी त्यांच्याजवळ बसावे आणि तीन गोष्टी ठरवाव्यात: मैदानाची कागदपत्रे कोणाकडे आहेत, वर्षाचा खर्च किती आणि तो कोण देणार, आणि ते स्वतः आजारी पडले तर किल्ली कोणाकडे द्यायची. हे बोलताना त्यांना वाईट वाटेल, अशी भीती बाळगू नका. वर्षानुवर्षे ते कदाचित हेच कोणी विचारावे याची वाट पाहत असतील.